सेगमेंट सात की आठ?

प्रश्न: माझ्या मिस्टरांचं वय ४६. चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दारू नाही, तंबाखू नाही. जेवल्यावर पोट जड वाटतं म्हणून आमच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली. सकाळी चहा-पोहे खाऊन गेले होते. रिपोर्टात आलं : ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर, लिव्हर १५.४ सेंमी, सेगमेंट सेव्हनमध्ये १४ मिमीचा हायपरएकोइक लीजन, बहुधा हिमँजिओमा, गॉल ब्लॅडर कॉन्ट्रॅक्टेड.’ फॅटी लिव्हर तर आजकाल सगळ्यांनाच असतं म्हणतात, पण गाठ वाचून हातपाय गळाले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या सेंटरला उपाशीपोटी केली. तिथे ‘ग्रेड टू’, लिव्हर १६.१, गॉल ब्लॅडर नॉर्मल, आणि गाठ १७ मिमीची, ‘सेगमेंट एट’मध्ये! तीन आठवड्यांत गाठ वाढली आणि सरकली का? की दोन आहेत? दीर म्हणतात, ताबडतोब पुण्याला नेऊन सीटी करा. सासूबाईंनी रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू केलाय. आणि नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारतात, ‘खरं सांग, घेतात का?’ दोन्ही रिपोर्ट, फिल्म आणि रक्ताच्या तपासण्या सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर:

ताई,

आधी तुमचा जीव ज्यात अडकला आहे ते सांगतो. गाठ सरकलेली नाही, वाढलेली नाही, आणि दोनही नाहीत. दोन्ही डॉक्टरांनी अख्खं यकृत पाहिलं आणि दोघांनाही एकच गाठ दिसली. सेगमेंट म्हणजे यकृताचे नंबर दिलेले भाग; सातमध्ये एक आणि आठमध्ये एक अशा दोन असत्या तर दोघांनीही दोन लिहिल्या असत्या. फिल्मवर ती एकसारखी पांढरी आहे (रिपोर्टातलं ‘हायपरएकोइक’ ते हेच), कडा रेखीव आहेत, भोवती काळं वलय नाही. हिमँजिओमाच, म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठच आहे असं माझंही मत आहे, आणि त्यासाठी पुण्याची गाडी पकडायची गरज नाही. मात्र ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून ज्या ओळीवरून तुम्ही पुढे गेलात, त्या फॅटी लिव्हरच्या ओळीशी मधुमेह असलेल्या माणसाने जरा थांबायला हवं. तिच्याकडे येतोच.

पत्ता कसा बदलला हे कळण्यासाठी यकृत बसलंय कुठे ते बघू. पोटात उजवीकडे, अगदी वर, श्वासपटलाला चिकटून. दीड किलोच्या आसपास वजन. शरीराच्या आतला सर्वांत मोठा अवयव, पण बहुतेक सगळा बरगड्यांच्या आड, त्यामुळे निरोगी माणसात हाताला फारसा लागत नाही. सोनोग्राफीची कसरत इथूनच सुरू होते. या ध्वनिलहरी हाडाशी अडतात आणि हवेपुढे तर साफ हात टेकतात. तो गार जेल लावतात तो कातडी आणि प्रोब (पोटावर फिरवतात ते यंत्र) यांच्यामधली हवा घालवायला. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ अशी जी आज्ञा सतत चालते तिचं कारण असं की श्वास घेतला की श्वासपटल खाली येतं आणि त्याच्यासोबत यकृतही बरगड्यांखालून थोडं बाहेर येतं. डाव्या कुशीवर वळवतात तेही त्यासाठीच. एवढं करूनही काही भाग दिसत नाही, मग दोन बरगड्यांच्या फटीत प्रोब तिरका धरून आत डोकवायचं. सात आणि आठ हे दोन्ही सेगमेंट यकृताच्या माथ्यावरचे, श्वासपटलाच्या घुमटाखालचे. सातवा त्यातही मागे, पाठीच्या बाजूला. आम्हा सोनोग्राफी करणाऱ्यांची सर्वांत जास्त दमछाक तिथेच होते. पेशंट स्थूल असेल आणि आतड्यात गॅस असेल तर विचारूच नका.

शाळेच्या पुस्तकात यकृताचे दोन भाग दाखवलेले असतात, उजवा मोठा आणि डावा लहान, मधे फाल्सिफॉर्म नावाची पातळ पट्टी. बाहेरून ते तसंच दिसतं. पण हाँगकाँगमध्ये बरीच वर्षं काम केलेल्या जेम्स कँटली या ब्रिटिश सर्जनने १८९७ मध्ये मांडलं की रक्तपुरवठ्याच्या हिशेबाने यकृताची खरी मध्यरेषा या पट्टीच्या उजवीकडे आहे. ती पित्ताशयाच्या खोबणीपासून मागच्या मोठ्या शिरेपर्यंत, म्हणजे इन्फिरिअर व्हीना केव्हापर्यंत जाते. पुढे १९५७ मध्ये क्लोद क्विनो या फ्रेंच सर्जनने आतल्या रक्तवाहिन्यांचे साचे बनवून त्यांच्या फांद्यांप्रमाणे यकृताचे आठ भाग पाडले. पहिला मागच्या बाजूला लपलेला, दोन ते चार डावीकडे, पाच ते आठ उजवीकडे. प्रत्येक भागाला पोर्टल व्हेनची (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर), धमनीची आणि पित्तनलिकेची स्वतःची फांदी. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या तीन हिपॅटिक व्हेन मात्र या भागांच्या आतून न जाता त्यांच्या सीमांवरून जातात. त्यांतली उजवी शीर ही सात आणि आठमधली हद्द.

नगरपालिकेचे वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. नकाशावर रेघ असते, रस्त्यावर नसते, आणि हद्दीवरच्या घरात दोन्ही वॉर्डांचे उमेदवार मत मागायला येतात. यकृताच्या आतही कुठे भिंत नाही. तुमच्या मिस्टरांची गाठ त्या उजव्या शिरेला जवळजवळ टेकलेली आहे. पहिल्या डॉक्टरांनी बरगड्यांच्या फटीतून पाहिलं, तिथून ती शिरेच्या मागे दिसली, सातवा लिहिला. दुसऱ्यांनी मोठा श्वास धरायला लावून बरगड्यांच्या खालून वर पाहिलं, तिथून ती शिरेच्या पुढे दिसली, आठवा लिहिला. दोघांचंही चुकलेलं नाही. सर्जनला यकृताचा तुकडा काढायचा असेल तेव्हा हा पत्ता नेमका लागतो; आई किंवा वडील लहान मुलाला यकृताचा भाग देतात तेव्हा बहुधा दोन आणि तीन नंबरचेच भाग काढतात, ते या नकाशाच्या भरवशावर. तुमच्याकडे कुणाला काही कापायचं नाही. तेव्हा सात की आठ यावर झोप घालवू नका.

आता १४ आणि १७. सोनोग्राफीचं मशीन अंतर थेट मोजत नाही. आवाज शरीरातून सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असं गृहीत धरतं आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतं. चरबीतून आवाज याहून थोडा सावकाश जातो. त्यात गाठ काही पूर्ण गोल नसते. एकाने आडवी मोजली, दुसऱ्याने तिरकी. मोजणीची दोन टिंबं पडद्यावर माणूसच ठेवतो, ती एखादा मिलिमीटर आत-बाहेर होतात. एवढ्या लहान गाठीत, दोन मशीन आणि दोन माणसं मधे असताना, तीन मिलिमीटरला वाढ म्हणत नाहीत. यकृताच्या लांबीचं तसंच. कॉलर बोनच्या मध्यातून खाली काढलेल्या रेघेवर ती मोजतात, १५-१६ सेंटिमीटरपर्यंत ठीक मानतात, आणि श्वास किती धरलाय, माणूस उंच किती यावर ती हलते. १५.४ आणि १६.१ या दोन आकड्यांतून मला काहीही वेगळं कळत नाही.

हिमँजिओमा म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. तो पांढरा दिसतो कारण त्यात रक्ताने भरलेल्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींवरून आवाज पुन्हा पुन्हा परततो. यकृतात सापडणाऱ्या निरुपद्रवी गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळणारी, आणि ती बहुधा अशीच सापडते : भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. तिचा कॅन्सर होत नाही. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं असं की यकृताचा दुसरा आजार नसलेल्या माणसात तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, एकसारखी पांढरी, रेखीव कडांची, वलय नसलेली गाठ असेल तर निदानाला सोनोग्राफी पुरते, आणि ठरावीक काळाने तपासत राहायचीही गरज नाही.

यात एक अट आहे ती वाचताना निसटू देऊ नका : यकृताचा दुसरा आजार नसलेला माणूस. सिरोसिस (व्रणांनी कडक झालेलं यकृत) असेल, हेपटायटिस बी असेल किंवा शरीरात दुसरीकडे कुठे कॅन्सर होऊन गेला असेल तर हाच पांढरा ठिपका मी इतक्या सहज सोडणार नाही. हेपटायटिस बीमध्ये तर सिरोसिस न होताही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. तुम्ही पाठवलेल्या कागदांत एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या हेपटायटिस बी आणि सीच्या दोन तपासण्या नाहीत. तेवढ्या एकदा करून घ्या. बार्शीतच होतील, साध्या रक्ताच्या आहेत. दोन्ही निगेटिव्ह आल्या की गाठीचा विषय माझ्यापुरता मिटला.

दीरांना काय सांगायचं? त्यांची काळजी खरी आहे, पण ‘सीटी करा’ एवढं म्हणून भागत नाही. इंजेक्शन न देता साधा सीटी केला तर तिथे एक काळसर ठिपका दिसेल आणि रिपोर्टात येईल ‘इन्डिटरमिनेट लीजन’. म्हणजे प्रश्न होता तिथेच, वर किरणोत्सर्ग आणि खर्च. कधी शंका आलीच तर करायचा तो तीन टप्प्यांचा कॉन्ट्रास्ट सीटी किंवा, माझी पसंती विचाराल तर, कॉन्ट्रास्ट एमआरआय. त्यात हिमँजिओमाची चाल ओळखू येते : औषध आधी कडेकडेने, ठिपक्याठिपक्यांनी भरतं आणि मग हळूहळू मध्याकडे सरकतं. सीटीच्या कॉन्ट्रास्टआधी मधुमेहाच्या पेशंटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं लागतं आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल तर ते आधी सांगावं लागतं. सुई घालून तुकडा काढायचा विषयच नको. रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात उगाच कुणी सुई घालत नाही.

पित्ताशयाचं कोडं सोपं आहे, त्याचं उत्तर पोह्यांत आहे. तेलातुपाचं काही पोटात गेलं की लहान आतड्यातून एक हॉर्मोन सुटतं आणि पित्ताशय आकसून पित्त आतड्यात ओततं. चहातल्या दुधाची मलईही त्याला पुरते. आकसलेल्या पित्ताशयात बारीक खडे लपतात आणि त्याची भिंत जाड असल्याचा भास होतो. सहा तास उपाशी यायला सांगतात ते एवढ्यासाठी. नुसतं पाणी प्यायलं तर चालतं. दुसऱ्या वेळी उपाशीपोटी गेले, पित्ताशय नीट भरलेलं दिसलं, खडे नाहीत, भिंत पातळ. पहिल्या रिपोर्टातली ती ओळ आता विसरून जा.

उरलं फॅटी लिव्हर.

यकृत किती पांढरं आहे हे आम्ही कशाशी तुलना करून ठरवतो? शेजारच्या उजव्या किडनीशी. निरोगी यकृत तिच्याइतकंच किंवा किंचित उजळ दिसतं. पेशींमध्ये चरबी साठली की ते किडनीपेक्षा ठळकपणे पांढरं दिसू लागतं. एवढंच असेल तर ग्रेड वन. चरबी वाढली की आवाज आत जाईपर्यंत क्षीण होतो आणि पोर्टल व्हेनच्या ज्या चकचकीत पांढऱ्या भिंती यकृतात उठून दिसतात त्या पुसट होतात. तो ग्रेड टू. श्वासपटल आणि यकृताचा मागचा भाग दिसेनासाच झाला की थ्री. यात मोजपट्टी कुठेच नाही, सगळा नजरेचा अंदाज आहे. मशीनवरचं एक बटण फिरवलं तरी चित्र उजळ होतं. म्हणून एकाचा वन आणि दुसऱ्याचा टू यावरून तीन आठवड्यांत चरबी वाढली असा अर्थ काढू नका. शिवाय साधारण पाचव्या हिश्श्याहून कमी पेशींत चरबी असेल तर सोनोग्राफीला ती बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणजे ज्याला ‘नुसता ग्रेड वन’ म्हणतात त्याच्या यकृतात चरबी बऱ्यापैकी साठलेली असते.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या ग्रेडवर लोक फार विसंबतात. ग्रेड वन आला की सुटलो, थ्री आला की संपलो. यकृताचं पुढे काय होणार हे चरबीवर कमी आणि त्या चरबीमुळे आत व्रण पडत आहेत का, म्हणजे फायब्रोसिस होतोय का, यावर जास्त अवलंबून असतं. आणि तो सुरुवातीचा फायब्रोसिस साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. दिसतो तो फार उशिरा : यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, पोत भरड, प्लीहा मोठी, पोर्टल व्हेन १३ मिलिमीटरच्या पुढे, पोटात पाणी. तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टात यातलं काहीच नाही. पोर्टल व्हेन ११, प्लीहा १०.२ सेंटिमीटर, पृष्ठभाग गुळगुळीत. या ओळींवर घरात कुणी चर्चा केली नसेल, पण रिपोर्ट हातात घेतल्यावर मी सर्वांत आधी त्याच वाचतो.

व्रणांचा अंदाज घ्यायला एक फुकटची तपासणी आहे, तिचं नाव फिब-४. त्यासाठी लागणारे आकडे तुमच्याकडे आधीच आहेत. एसजीओटी आणि एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासण्या; वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेटचा हजारांतला आकडा एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचा. आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. वय ४६, एसजीओटी ३८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट दोन लाख दहा हजार. म्हणजे १७४८ भागिले साधारण १५१४, उत्तर १.१५. पासष्टीच्या आतल्या माणसात १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. हे चांगलं आहे, पण कायमचं प्रमाणपत्र नाही. मधुमेह आहे म्हणून दरवर्षी हा हिशेब पुन्हा करा. मुलाच्या मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. उद्या आकडा १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅन करावा लागेल. त्यात बरगड्यांच्या फटीतून यकृताला एक हलका धक्का देतात आणि तो किती वेगाने पसरतो यावरून यकृत किती कडक झालंय ते मोजतात. ८ किलोपास्कलच्या आत आलं तर निर्धास्त. सोलापूर-पुण्याकडे कधी फायब्रोस्कॅनचं मोफत शिबिर असेल तर आताही करायला हरकत नाही, पण त्यासाठी मुद्दाम पैसे मोडू नका.

आणि ते नातेवाईक. त्यांना सांगा, सोनोग्राफीला बाटली दिसत नाही. दारूने साठलेली चरबी आणि मधुमेहाने साठलेली चरबी पडद्यावर अगदी सारखीच पांढरी असते, त्यामुळे रिपोर्ट वाचून कुणाच्याही चारित्र्याचा निकाल लावता येत नाही. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत कारण शोधायला लांब जायलाही नको. मधुमेह आहे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो, म्हणजे बीएमआय २८. आपल्याकडे तो २३ च्या पुढे गेला की जास्त धरतात. कमरेचा घेर तुम्ही ९८ लिहिलाय; भारतीय पुरुषाला ९० ची मर्यादा. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की पोटावरची चरबी विरघळून रक्तात येत राहते आणि यकृत ती साठवतं. जादा साखरेचीही तिथेच चरबी बनते. भारत सरकारने २०२१ मध्ये मधुमेह आणि हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचाही समावेश केला तो याच नात्यामुळे. आणि हो, दारू घेत नाहीत ही मोठी जमेची बाजू आहे. ती तशीच राहू द्या, ‘थोडी चालते’ म्हणणारे भेटतीलच.

काढा मात्र आज बंद करा. सासूबाईंचं मन दुखवू नका, पण बंद करा. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशभरातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह किंवा थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही हे खरंच. पण ज्याचं एसजीपीटी आधीच ५२ आहे त्याने तो प्रयोग स्वतःवर कशाला करायचा? औषधाच्या दुकानातल्या ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्यांनाही हेच उत्तर. त्यांनी चरबी उतरते याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि सिरप असेल तर त्यात साखर असू शकते.

चरबी उतरते ती वजनाने. पाच टक्के वजन कमी झालं की यकृतातली चरबी घटू लागते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही ओसरते. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत म्हणजे साडेपाच ते आठ किलो, सहा महिने ते वर्षभरात. झटपट नको, उपासमार करून भराभर वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायची भीती असते, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना साखर एकदम खाली जाऊ शकते. काय सोडायचं याची यादी देत नाही, तुम्हाला ती पाठ असेल. एवढंच बघा की दिवसाला किती कप गोड चहा होतो, त्यासोबत किती खारी-बिस्किटं-फरसाण जातं, आणि उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या नावाखाली काय काय चालतं. तेलाला घाबरून जेवण बेचव करणारी आणि साखरेकडे काणाडोळा करणारी घरं मी फार पाहतो. ज्वारीची भाकरी तुमच्या भागात मुबलक आहे, ती खा, पण तिनेही मोजूनच पोट भरा. आठवड्यातून दीडशे मिनिटं घाम येईल असं चालायचं. वजन उतरलं नाही तरी नुसत्या चालण्यानेही यकृतातली चरबी थोडी कमी होते. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर खुशाल घ्या, यकृताच्या बाबतीत तिचा लौकिक चांगला आहे. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा की मधुमेहाची गोळी बदलता येईल का. साखरेसोबत वजन आणि यकृत या दोन्हींना मदत करणारी औषधं आता आहेत.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट राहूनच गेली. तुम्ही सोनोग्राफी केली होती ती जेवल्यावर पोट जड वाटतं म्हणून! दोन रिपोर्ट, एक गाठ, एक दीर, एक काढा एवढं झालं आणि मूळ तक्रार तशीच आहे, असंच ना? एवढ्याशा हिमँजिओमाने पोट जड होत नाही. फॅटी लिव्हरनेही बहुतेकांना काही जाणवत नाही. मेटफॉर्मिन मात्र पोटाला त्रास देतं, आणि काही वर्षांच्या मधुमेहात जठर सावकाश रिकामं होऊ लागतं, दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखं वाटतं. गोळी जेवणाआधी घेतात की नंतर, गोळीचा डोस वाढल्यावर हे सुरू झालं का, रात्रीचं जेवण किती वाजता होतं, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं सांगा. उलट्या होत असतील, शौचाला काळं होत असेल किंवा प्रयत्न न करता वजन घटत असेल तर वाट न बघता पोटाच्या तज्ज्ञाकडे जा. अशा वेळी आणखी एक सोनोग्राफी करून उत्तर मिळत नाही, जठरात दुर्बीण घालून पाहावं लागतं.

सूचनांप्रमाणे गाठीसाठी परत सोनोग्राफीची गरज नाही हे वर लिहिलंच. तरी मनाच्या समाधानासाठी वर्षभराने करायची असेल तर या दोनपैकी एकाच सेंटरला करा, तिसरं शोधू नका, आणि दोन्ही जुन्या फिल्म सोबत न्या. सकाळची पहिली वेळ मागा. साखरेच्या गोळ्या चालू आहेत म्हणून उपाशीपोटी गोळी घेऊन निघू नका. गोळी आणि डबा दोन्ही पिशवीत ठेवा, तपासणी झाली की तिथेच खा आणि गोळीची वेळ कशी सांभाळायची ते आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि पोहे परतल्यावर.